बाण कुठेही काढ, चिन्ह खरे सांगेल

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. मला संगणक शाखा मिळाली आहे, पण पहिल्या वर्षी आम्हांला ‘बेसिक इलेक्ट्रिकल’ आहेच. सर फळ्यावर उदाहरण सोडवतात तेव्हा प्रत्येक पायरी पटते. खोलीवर येऊन तेच उदाहरण कोऱ्या कागदावर घेतले की पहिली ओळसुद्धा लिहिता येत नाही. परिपथात दोन बॅटऱ्या असल्या तर करंट कुठून कुठे जातो हेच मला ठरवता येत नाही, आणि उत्तर ऋण आले की मी ते खोडून बाण उलटा करते. चाचणीत वीसपैकी सहा गुण मिळाले. मैत्रिणी म्हणतात, पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ कर, केटी लागणार नाही (म्हणजे विषय मागे राहणार नाही). वडील शेती करतात; त्यांना हे गुण सांगायचे धाडस झालेले नाही. माध्यमामुळे मी मागे पडते आहे का? आणि संगणक शाखेच्या मुलीला हा विषय खरोखर लागतो का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर :

प्रिय विद्यार्थिनी,

‘उत्तर ऋण आले की मी ते खोडून बाण उलटा करते’ हे तुझ्या पत्रातले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण तुझी सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे. मी तंत्रनिकेतनात हा विषय अनेक वर्षे शिकवला आणि उत्तरपत्रिका तपासताना अशी खाडाखोड किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. खोडलेल्या बाणाखाली बहुतेक वेळा उत्तर बरोबरच असायचे. तुला गणित येत नाही असे नाही. परिपथ सोडवायला बसण्यापूर्वीच धारा (करंट) कोणत्या दिशेने वाहते हे आपल्याला ठाऊक असायला हवे, अशी तुझी समजूत झाली आहे. ते ठाऊक नाही म्हणून पहिली ओळ सुचत नाही, आणि सर मात्र फळ्यावर बेधडक बाण काढतात म्हणून त्यांना ते आधीपासून कळलेले असते असे तुला वाटते. त्यांनाही ते कळलेले नसते. त्यांनी दिशा गृहीत धरलेली असते, इतकेच.

हे नुसते माझ्या शब्दावर मानू नकोस. कागद घे आणि एक परिपथ काढ. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबर एकसर, म्हणजे एकापाठोपाठ, २ ओहमचा रोध (रेझिस्टर). उजवीकडे ६ व्होल्टची बॅटरी, तिच्याबरोबर एकसर ३ ओहमचा रोध. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके खालच्या एकाच तारेला जोडलेली आणि दोन्ही रोधांची मोकळी टोके वर एका बिंदूत एकत्र आलेली. त्या वरच्या बिंदूपासून खालच्या तारेपर्यंत मध्ये ६ ओहमचा लोड, म्हणजे वीज वापरणारा रोध. आता सहा व्होल्टच्या बॅटरीतून धारा बाहेर पडते आहे की आत शिरते आहे, हे चित्र पाहून सांग. तुला सांगता येणार नाही. मलाही येणार नाही. ‘बॅटरी आहे म्हणजे ती धारा देणारच’ असे मन म्हणते, आणि शेजारी दुप्पट व्होल्टेजची बॅटरी उभी आहे म्हणून शंकाही येते. या शंकेपाशी तू थांबतेस. प्रत्यक्षात पुढे जायला त्या शंकेचे उत्तर लागतच नाही.

खालच्या तारेचे विभव, म्हणजे व्होल्टमधली पातळी, शून्य धर. वरच्या बिंदूचे विभव माहीत नाही, त्याला ‘व’ म्हण. तिन्ही शाखांत बाण काढ: दोन्ही बॅटऱ्यांकडून वरच्या बिंदूकडे आणि वरच्या बिंदूपासून लोडमधून खाली. हे बाण बरोबर आहेत का, असे विचारू नकोस. ती फक्त नावे आहेत. जन्मलेल्या बाळाचे नाव ठेवताना ते पुढे कसे निघेल याचा दाखला कोणी मागत नाही. आता ओहमच्या नियमाने, म्हणजे विभवांतराला रोधाने भागून, डावीकडून येणारी धारा (१२ − व) ÷ २, उजवीकडून येणारी (६ − व) ÷ ३, आणि लोडमधून जाणारी व ÷ ६. बिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते, म्हणून पहिल्या दोघींची बेरीज तिसरीइतकी. दोन्ही बाजूंना सहाने गुणले की ३६ − ३व + १२ − २व = व, म्हणजे ४८ = ६व, म्हणजे व = ८ व्होल्ट. डावीकडची धारा २ अँपिअर, लोडमधली १ पूर्णांक १/३ अँपिअर, आणि उजवीकडची (६ − ८) ÷ ३, म्हणजे उणे २/३ अँपिअर.

इथे तुझा हात खोडरबराकडे जातो. तो आवर. ते उणे चिन्ह म्हणजे या उदाहरणाने तुला सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे: सहा व्होल्टची बॅटरी धारा देत नाही, घेते आहे, ती चार्ज होते आहे. तू बाण उलटा करून उणे पुसून टाकलेस तर संख्या बरोबर राहील, पण बाकीच्या समीकरणांत जुना बाण तसाच उरेल आणि दोन ओळींनंतर बेरीज जुळणार नाही. बाण एकदा काढला की शेवटपर्यंत तोच. उत्तर ऋण आले तर शेवटी एक वाक्य लिहायचे, की या शाखेतील धारा गृहीत दिशेच्या विरुद्ध आहे. परीक्षक त्या वाक्याला गुण देतात, आणि ते वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विषय कळला आहे हे त्यांना तेवढ्यावरून समजते.

याच परिपथात लोड बदलून पाहा. ६ ओहमच्या जागी २ ओहम घातले तर व बरोबर ६ व्होल्ट येतो, आणि सहा व्होल्टच्या बॅटरीतली धारा शून्य होते. ती ना देते ना घेते. लोड १.२ ओहमपर्यंत उतरवला तर व ४.८ व्होल्ट होतो आणि तीच बॅटरी ०.४ अँपिअर धारा देऊ लागते. बॅटऱ्या त्याच, डावी-उजवीकडचे रोध तेच, तारा त्याच. केवळ मधला लोड बदलला आणि उजव्या शाखेतली दिशा फिरली. मग चित्राकडे नुसते पाहून ती दिशा कोणाला कशी ओळखता यावी? ती ओळखता येत नाही म्हणूनच तर समीकरण मांडायचे असते. हा मुद्दा ज्या दिवशी मनात पक्का बसेल, त्या दिवसापासून कोरा कागद तुला अडवणार नाही.

आता ताळा. शाळेत भागाकाराचा ताळा करायची सवय आपल्याला लावलेली असते आणि महाविद्यालयात आल्यावर ती कोण जाणे का सुटते. परिपथाचा ताळा शक्तीने करायचा. १२ व्होल्टची बॅटरी २ अँपिअर देते, म्हणजे २४ वॅट. हे २४ वॅट गेले कुठे? २ ओहमच्या रोधात ८ वॅट, ३ ओहमच्या रोधात १ पूर्णांक १/३ वॅट, लोडमध्ये १० पूर्णांक २/३ वॅट, आणि सहा व्होल्टच्या बॅटरीत चार्जिंगपोटी ४ वॅट. बेरीज बरोबर २४. हा जमाखर्च जुळला की उत्तर बरोबर आहे का ते कोणाला विचारायला जावे लागत नाही. परीक्षेत त्याला दोन मिनिटे लागतात आणि चिन्हाची एखादी चूक पाच-सहा गुण घेऊन जाते, तेव्हा ती दोन मिनिटे राखून ठेवच.

हे नियम ज्याच्या नावाने आपण शिकतो त्या गुस्ताव किरखॉफने ते १८४५ साली मांडले, तेव्हा तो क्योनिग्सबर्ग येथे शिकत होता आणि त्याचे वय २१ वर्षांचे होते; तुझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्या १८ वर्षे आधी, १८२७ मध्ये, जॉर्ज ओहम या जर्मन शाळाशिक्षकाचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते, पण ओहमचा नियम एका रोधापुरता बोलतो. जाळे कसे सोडवायचे ते किरखॉफने सांगितले, आणि त्याचे दोन्ही नियम इतके साधे आहेत की ते पाठ करण्याची गरज पडू नये. एका बिंदूत विद्युतप्रभार साठून राहत नाही, म्हणून आलेली धारा तितकीच बाहेर पडते, हा पहिला. दुसऱ्यासाठी सिंहगड आठव. पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मीटर आणि गडमाथ्याची सुमारे १३०० मीटर. तू खोलीवरून निघालीस, पायवाटेने चढलीस, गाडीरस्त्याने उतरलीस आणि पुन्हा खोलीवर आलीस, तर चढ-उतारांची एकूण बेरीज शून्य. वाट कोणतीही घे. परिपथातल्या कोणत्याही लूपभोवती फिरून मूळ बिंदूशी आलीस की विभवातल्या चढ-उतारांची बेरीज अशीच शून्य होते. उंची समुद्रसपाटीपासून मोजली काय किंवा तुमच्या वसतिगृहाच्या अंगणापासून मोजली काय, पुणे आणि गडमाथा यांच्यातला सुमारे ७४० मीटरांचा फरक बदलत नाही. म्हणून खालच्या तारेला शून्य मानण्याची मुभा आपण घेतली. तो शून्य कोणत्या बिंदूला द्यायचा हे आपल्या सोयीवर आहे, आणि जिथे सर्वांत जास्त तारा एकत्र येतात तिथे तो दिला तर समीकरणे सुटसुटीत राहतात.

लूपने जाताना चिन्हे चुकतात त्याचे कारण बहुधा एकच असते. रोधावरची अधिक-उणे चिन्हे मुले अंदाजाने घालतात. ती बाणावरून घालायची: गृहीत धारा ज्या टोकातून रोधात शिरते ते टोक अधिक, जिथून बाहेर पडते ते उणे. बॅटरीची चिन्हे मात्र बॅटरीवर छापलेली असतात, ती बाणाला विचारून बदलत नाहीत. हे दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळले की लूपची बेरीज बिघडते. आधी सगळे बाण, मग सगळ्या रोधांवरची चिन्हे, आणि मगच समीकरण; हा क्रम सोडू नकोस.

इलेक्ट्रॉन उलट दिशेने जातात म्हणून आपले बाण खोटे ठरतात का, ही शंका तुझ्या पत्रात नाही, पण ती पुढे येईलच. अधिक आणि उणे ही नावे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासून रूढ झाली, आणि इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला. तोवर संकेत ठरून गेला होता. ऋण प्रभार डावीकडे जाणे आणि धन प्रभार उजवीकडे जाणे यांचा परिपथाच्या हिशेबावर परिणाम सारखाच होतो, त्यामुळे या विषयापुरते इलेक्ट्रॉन बाजूला ठेवावेत.

मराठी माध्यमाबद्दल तू विचारलेस, आणि त्या प्रश्नामागे जे दुखते आहे ते मला कळते. इंग्रजी पुस्तकाची पाने वाचायला तुला वर्गातल्या काही मुलांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, हे खरे आहे आणि त्यावर रोज थोडे वाचण्याखेरीज उपाय नाही. परंतु परिपथांच्या बाबतीत तुझ्यापाशी असलेले शब्द उपकारक आहेत. ‘व्होल्टेज’ हा शब्द ऐकून मुले म्हणतात, ‘या रोधातून ५ व्होल्ट जातात.’ जी मुलगी ‘विभवांतर’ म्हणते तिला असे म्हणताच येणार नाही, कारण अंतर दोन बिंदूंमध्ये असते, ते कशातून वाहत नाही. वाहते ती धारा, हेही त्या शब्दातच आहे. परिपथ म्हणजे फिरून मूळ जागी येणारी वाट, आणि ‘एकसर’ म्हटले की मला तरी मोत्यांचा सर दिसतो: एकच दोरा सगळ्या मण्यांतून जातो, तशी एकच धारा सगळ्या रोधांतून जाते. नववीच्या पुस्तकातले हे शब्द टाकून देऊ नकोस. उत्तर इंग्रजीत लिही, पण अडलीस की मनातल्या मनात विभवांतर म्हण.

एका शब्दाने मात्र सावध राहा, तो म्हणजे ‘समांतर’. कागदावर दोन रोध शेजारीशेजारी उभे काढलेले दिसले की मुले त्यांना समांतर जोडणी समजतात. भूमितीतल्या समांतर रेषांशी तिचा काही संबंध नाही. दोन रोधांची दोन्ही टोके त्याच दोन नोडांना, म्हणजे सांध्यांना, जोडलेली असतील तरच ते समांतर. मग ते कागदावर आडवे, तिरपे, एकमेकांपासून लांब कसेही असोत. तसेच दोन रोधांच्या सांध्यातून तिसरी तार फुटत नसेल तरच ते एकसर. यासाठी रंगीत पेन्सिली वापर. तारेच्या एका टोकापासून सुरुवात करून वाटेत कोणताही घटक येईपर्यंत ती सगळी तार एका रंगाने रंगव. तो एक नोड. पुढचा नोड दुसऱ्या रंगाने. रंगवून झाले की एकसर आणि समांतर आपोआप दिसू लागतात, आणि प्रश्नपत्रिकेतले मुद्दाम वेडेवाकडे काढलेले चित्र तू सरळ करून काढू शकतेस. चित्र पुन्हा काढणे हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण माझ्या अनुभवात परिपथाच्या निम्म्या चुका चित्र पुन्हा न काढल्यामुळे होतात.

तुमच्या अभ्यासक्रमात आता थेवेनिनचे प्रमेय आले असेल, आणि त्याच्या पायऱ्या पाठ करण्याचा मोह होईल. लिओं थेवेनिन हा फ्रान्सच्या तारखात्यातला अभियंता, आणि हे प्रमेय त्याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले; त्याच्या ३० वर्षे आधी, १८५३ मध्ये, हेल्महोल्ट्झने तीच गोष्ट दाखवून दिली होती. दोन टोके सोडून बाकी सगळे जाळे पेटीत झाकून ठेवले, तर बाहेरच्याला ती पेटी एक बॅटरी आणि एक एकसर रोध यांपेक्षा वेगळी भासू शकत नाही, एवढेच ते सांगते. वरच्याच परिपथातला ६ ओहमचा लोड काढून टाक. वरच्या बिंदूचे विभव ९.६ व्होल्ट येते. दोन्ही बॅटऱ्यांच्या जागी नुसत्या तारा कल्पून २ आणि ३ ओहम समांतर घेतले की १.२ ओहम मिळतात. म्हणजे लोडच्या दृष्टीने ते सारे जाळे ९.६ व्होल्ट आणि १.२ ओहम एवढेच आहे. त्याला पुन्हा ६ ओहम जोडलेस तर ९.६ × ६ ÷ ७.२, म्हणजे ८ व्होल्ट. मघाशी आलेलेच उत्तर.

हे प्रमेय तू लहानपणापासून पाहत आली असशील. गावाकडे संध्याकाळी शेजारची मोटार चालू झाली की घरातला पिवळा दिवा मंदावतो. रोहित्रापासून घरापर्यंतच्या तारांचा रोध असतो, धारा वाढली की त्यावर जास्त व्होल्ट खर्ची पडतात आणि तारेच्या शेवटी असलेल्या घराला उरलेले मिळतात. समज, कोणतेही उपकरण चालू नसताना घरात २३० व्होल्ट होते आणि १० अँपिअर घेणारी विजेची शेगडी लावल्यावर २१० उरले. २० व्होल्ट पडले, १० अँपिअरला. म्हणजे घराच्या दृष्टीने मागच्या साऱ्या व्यवस्थेचा रोध २ ओहम, आणि त्या तारांत २०० वॅट नुसतेच तापून जातात. मोटारीचा हिशेब याहून थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण सुरू होताना ती चालू स्थितीच्या कितीतरी पट धारा खेचते, पण दिवा मंदावण्याचे मूळ कारण हेच. वडिलांशी बोलताना गुणांपासून सुरुवात करण्याऐवजी यापासून कर. तारेच्या टोकाला मोटार का तापते हा त्यांच्या रोजच्या काळजीचा प्रश्न आहे, आणि व्होल्टेज उतरले तरी पाणी उपसण्याचे काम तेवढेच असल्यामुळे मोटार जास्त धारा घेते, हे तू त्यांना समजावून सांगू शकतेस. गुणही सांग. त्याच फोनवर सांग.

प्रयोगशाळेबद्दल तू काही लिहिले नाहीस, पण माझ्या मते अर्धा विषय तिथे आहे, आणि जर्नल उतरवण्याच्या घाईत तो हातचा जातो. ९ व्होल्टची बॅटरी आणि एक-एक किलोओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोड. प्रत्येकावर साधारण साडेचार व्होल्ट दिसतील. अगदी बरोबर साडेचार नाहीत, कारण सोनेरी पट्टी असलेला एक किलोओहमचा रेझिस्टर ९५० ते १०५० ओहमपर्यंत कितीही असू शकतो. आता त्यांच्या जागी एक-एक मेगाओहमचे दोन लाव आणि पुन्हा मोज. एकावर साधारण ४.२९ व्होल्ट, दुसऱ्यावरही तेवढेच, बेरीज ८.५८, नऊ नाही. किरखॉफ चुकला का? नाही. नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध व्होल्टेज मोजताना सुमारे १० मेगाओहम असतो. तू तो रोधाला समांतर लावलास तेव्हा तू परिपथच बदललास. मोजणारे उपकरण परिपथाचा भाग होते, हे ज्याला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसले त्याला धारा मोजणारा अँमीटर समांतर का लावायचा नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. हे सारे प्रयोग छोट्या बॅटरीवरच कर. भिंतीतल्या प्लगला हात लावून शिकण्यासारखे यात काहीही नाही. तिथले २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य आहे, आणि शिखरावर ते सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते.

सत्राच्या उत्तरार्धात प्रत्यावर्ती धारा (एसी) येईल तेव्हा पुन्हा एकदा पाय घसरण्याची जागा आहे, म्हणून आताच सांगून ठेवते. रोध आणि कपॅसिटर एकसर जोडून मोजले, एकावर ३० व्होल्ट आणि दुसऱ्यावर ४० आले, तर स्रोताचे व्होल्ट ७० नसून ५० असतात. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर पोचत नाहीत, त्यामुळे मीटरवरचे आकडे सरळ मिळवता येत नाहीत. काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखे मिळवावे लागतात. प्रत्येक क्षणाचा हिशेब घेतला तर किरखॉफचा नियम तिथेही तंतोतंत खरा ठरतो. ही बेरीज सोपी व्हावी म्हणून संमिश्र संख्या वापरण्याची पद्धत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये मांडली. अकरावीतल्या संमिश्र संख्या त्यासाठी एकदा चाळून ठेव.

संगणक शाखेला हे लागते का? लागते. चिपमधल्या प्रत्येक तारेला रोध असतो आणि धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमताही असते. एक किलोओहम आणि एक मायक्रोफॅरड यांच्या गुणाकारातून एक मिलिसेकंद निघतो, तसाच त्या सूक्ष्म रोध-धारितांच्या गुणाकारातून संकेताला लागणारा विलंब ठरतो, आणि प्रोसेसर किती वेगाने चालू शकेल यावर त्याची मर्यादा पडते. तो तापतो किती, हे धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात ठरते. याहून अधिक कारणे देण्याची गरज मला वाटत नाही.

प्रश्नपत्रिका पाठ करण्याविषयी. मैत्रिणी तुझ्या हिताचेच सांगत आहेत, आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यातच. पण सोडवलेले उदाहरण वाचणे आणि सोडवणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे ते तू स्वतः अनुभवले आहेस: फळ्यावर प्रत्येक पायरी पटते, खोलीवर एकही येत नाही. पाठांतराने ते अंतर बुजत नाही, कारण एका बॅटरीची टोके उलटी केलेले चित्र आले की पाठ केलेले उत्तर निकामी होते. रोज एकच उदाहरण घे. उत्तर झाकून ठेव, नोड रंगव, बाण काढ, सोडव, शक्तीचा ताळा कर. ताळा जुळला की वही मिटून टाक. जुळला नाही तर चूक सापडेपर्यंत पुढचे उदाहरण घेऊ नकोस. एकाच उदाहरणाला एक तास लागला तरी चालेल. आणि आठवड्यातून एकदा तुझ्या सरांकडे जाऊन ताळा न जुळलेले पान दाखव. ‘मला काही येत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला काय सांगावे हे शिक्षकाला कळत नाही. ‘इथे २४ वॅट यायला हवे होते, १६ येत आहेत’ असे म्हणणाऱ्याला पाच मिनिटांत मदत करता येते.

पहिले उदाहरण मी देते. वरचाच परिपथ घे, लोड ६ ओहमचाच ठेव, फक्त सहा व्होल्टच्या बॅटरीची टोके उलटी कर, म्हणजे तिचे धन टोक आता खालच्या तारेला असेल. बाण मघासारखेच ठेव. वरच्या बिंदूचे विभव ४ व्होल्ट यायला हवे. उजव्या शाखेतली धारा याही वेळी ऋणच येईल. तरीही ही बॅटरी या खेपेला ऊर्जा घेते आहे की देते आहे, हे ताळा मांडून ठरव, आणि वॅटची बेरीज किती आली ते मला कळव.